वृक्षनेचा

मेल्या लाकडाचे पैसे मोजलेस?
शेजारची मेन्ना हसली होती.
ना मूळ, ना पान, काथ्या गुंडाळल्यासारखा
नुसता ओंडका.
इडवलने कुंडीत रोवला
आणि पाणी घातलं ते बुंध्याला नाही,
माथ्यावर,
तान्ह्याची टाळू भरावी तसं.

वेल्समधलं पाटीच्या दगडांचं गाव. नोव्हेंबर.
माथ्यात पेंढा कोंबला,
वर स्वतःचा खाणीतला स्वेटर चढवला,
बाह्या मागे बांधल्या.
रात्री दोनदा उठून काचेवरचं हिव पुसलं:
अंगणात त्याचाच स्वेटर उभा, बिनमुंडक्याचा.

एप्रिलात पेंढा उपसला.
आत उंदराचं रिकामं बिऱ्हाड,
आणि त्याखाली, तपकिरी लव पांघरून,
मिटलेल्या पाच मुठी.

मेन्ना कुंपणाशी आली. बघत राहिली.
इडवल म्हणाला,
स्वेटर मात्र गेला.