सोळा की अठरा

लिमात, विल्सन रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात
तेओफिलो रॅमच्या दोन पट्ट्या काचेवर ठेवतो.
"ही सोळाची. हाक मारली की लगेच ओ देते,
पण एक पॉइंट पस्तीस व्होल्ट मागते, तापते.
ही अठराची. जरा रेंगाळते,
एक पॉइंट दोनात भागवते. चाळीस सोल स्वस्त."

एउलालिया चष्मा पुसते.
घरी जुना बोर्ड, त्याहून जुना पंखा,
आणि उतरवून घ्यायच्या अकरा कॅसेटी:
वडिलांच्या केचुआ गोष्टी.
ते बोलता बोलता थांबत.
कुत्रं भुंकून जाई, सूप निवे,
मग नेमका शब्द येई.

"रेंगाळते म्हणजे किती?"
"पापणी लवते ना, बाई, तिचे दहा कोटी तुकडे करा.
त्यातला एक."

ती हसते. अठराची घेते.
उरलेल्या चाळिसात पंखा.