फडक्याखाली

तेलावीत पहाटे साडेचारला
भट्टी रांजणासारखी तापून बसलेली असते.
शोतीचा रोट आतल्या भिंतीवर थापायचा
तर कमरेपर्यंत आत वाकावं लागतं,
पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात.

तिथेच, वाकताना, डावीकडे खाली
काहीतरी ओढलं गेलं.
कळ नाही. कळ मला माहीत आहे.
ही, कुणी आतून शिवणीचा दोरा
हलकेच ताणून पाहावा तशी.

पाळीच असेल, म्हटलं. सहा दिवस उशिरा.
मागच्या वर्षी म्हटलं होतं,
पाळी नसेल.

दर तासाला संडासात जाते,
कागद बल्बखाली धरून बघते.
कोरा.
कोऱ्या कागदावर इतका जीव
शाळेतही लावला नव्हता.

मझिया विचारते, पोती का उचलत नाहीस आज?
पाठ धरलीय, म्हणाले.
पाठीवर ढकललं, पोटात ठेवलं.

गुरामलाही बोलले नाही.
तो लगेच माळ्यावरून पाळणा काढेल.
मागच्या खेपेला तो परत वर ठेवताना
शिडीवर किती वेळ नुसता उभा होता.

कणकेचे गोळे फडक्याखाली झाकलेत.
फुगतायत का, हे उचकटून बघायचं नसतं.
नव्या पोरींना मीच रोज ओरडते.

पुन्हा ओढ. या वेळी जरा मधे.
बरं. ओढ.
ओढत राहा, चालेल मला.

अजून चाळीस रोट लावायचेत.
वाकते,
पाय जमिनीवर ठेवून.