फुंकर घालता येत नाही अशी जागा

धुळ्याला एप्रिलमध्ये सकाळी आठलाच
भिंती हाताला गरम लागतात.
कूलरच्या पाण्यात कुणीतरी वाळ्याची जुडी सोडलेली,
आणि बाकावर हिलाल,
आईच्या चपला मांडीवर घेऊन.

ठगूबाई, साक्रीकडची, वय एकसष्ट.
अकरा आठवडे बोलली नव्हती,
घास तोंडात धरून बसायची.
विजेला घाबरेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलेलं.
हिलालही दारात हळूच विचारायचा,
करंट केवढा असतो मॅडम?

पण वीज तिला ठाऊकच नाही.
वीज येते तेव्हा ती घरी नसते.
मी असते, तिच्या घोट्यावर पट्टा फुगवून
पायाचा अंगठा किती सेकंद थरथरतो ते मोजत.

तिला ठाऊक आहे ते त्याच्या आधीचं:
मनगटामागची बारीक शीर
आणि तिच्यात शिरणारं माझं पांढरं औषध.
दुधासारखं, असं मी शिकाऊ मुलांना सांगते.
तिसऱ्या वेळी ती ओरडली.
"व माय, हात पेटना मन्हा!
हाऊ रुईना चीक शे!"
मानसोपचाराचे डॉक्टर खूश. बोलली!
मला सुई परत घ्यावीशी वाटली.

चौथ्या वेळी ती माझं नाव विसरली होती,
वार, नातीचं बारसं,
सकाळपासून उपाशी का ठेवलंय तेही.
मी जवळ गेले मात्र,
उजवा हात पदराखाली गेला.

या बोटांनी जन्मभर
भरताची वांगी निखाऱ्यातून उचलून सोलली.
चटका बसला की बोट ओठांशी न्यायचं, फुंकायचं, झालं.
शिरेच्या आतल्या चटक्यावर
कुठून घालायची फुंकर?

पाचव्या वेळी कोपराच्या खळगीतली जाड शीर शोधली.
दंडाला पट्टा आवळला,
आधी थोडं बधिरीचं औषध सोडलं
आणि थांबले. एक मिनिट.
यादीत अजून सहा नावं.
डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कूलरकडे.
मिनिट केवढं मोठं असतं
हे झोपवणाऱ्याला सहसा कळत नाही.
नसीम सिस्टर तिचा तळवा चोळत होती.
"तू कोन्ही पोर शे?" ठगूबाईनं विचारलं.
"पारोळ्याची," नसीम म्हणाली.
तिनं मान डोलावली, पारोळ्यात कुणी असल्यासारखी.

पट्टा सोडला. पांढरं गेलं.
मी कपाळावरच्या आठीची वाट बघत राहिले.
आली. अर्धीच.
मग पापण्या.

सगळ्यांना लागू पडतं असं नाही.
त्याच यादीतल्या शेवटच्या पोरानं
एवढं करूनही हात ओढलाच, आणि मला शिवी दिली.
ती मी फाईलमध्ये लिहिली नाही,
पुढच्या वेळचा डोस लिहिला.

ठगूबाई जागी झाल्यावर बराच वेळ छताकडे बघत होती.
मग उजवा हात आपण होऊन पुढे केला.
"सुई कव्हय लावशी?"
झालं मावशी, म्हटलं.
तिचा काही विश्वास बसला नाही.
हात तसाच पुढे,
आणि हिलाल खाली वाकून
तिच्या पायात चपला घालत होता,
आधी डाव्यात उजवी.