उणे अकरा डॉलर चाळीस

मी ड्रूसिला हॉब्ज. शाळेच्या जेवणघरात गल्ल्यावर बसते,
एकोणीस वर्षं झाली.
तुम्ही तीन मिनिटं दिलीत, त्यातलं अर्धं मिनिट
माइक खाली ओढण्यातच गेलं.

गेल्या मंगळवारी वेंडेल रांगेत आला.
ताटात कुस्करलेला बटाटा, वर ग्रेव्ही, वाफ निघत होती.
मी आकडे दाबले. पडदा लाल:
उणे अकरा डॉलर चाळीस.
नियम तुमचाच, पान सात.
ताट काढून घ्यायचं, हातावर गार चीज-सँडविच ठेवायचं.
काढून घेतलेलं ताट दुसऱ्याला वाढायचं नाही,
तोही नियमच.
म्हणून ते मी कचऱ्यात ओतलं.
त्याच्यासमोर.
पिंपातूनही वाफ येत होती.

भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये,
एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

बुधवारी तो रांगेत आलाच नाही.
नळापाशी पाणी पीत उभा, किती तरी वेळ.
म्हणाला, भूक नाही.
आठ वर्षांचं पोर इतकं सफाईनं खोटं बोलायला
कुठल्या तासाला शिकतं?

फॉर्म आहे, ठाऊक आहे मला. चार पानी.
त्याच्या बापानं तो तीनदा नेला,
तिन्हीदा ट्रकच्या काचेमागे पिवळा पडला.
भीक मागायलाही सही लागते, हे त्याला पटेना.

मिस्टर ॲबरनॅथी, तुम्ही विचारलंत,
डॉक्टरांच्या मुलीला फुकट कशाला?
शाळेच्या बसमध्ये चढताना विचारतो का तिला?
नळाखाली ओंजळ धरली
की बापाच्या पगाराची चिठ्ठी मागतो?
ती मुलगी, मार्लिस, वेंडेलच्या मागेच उभी होती.
खात्यात शंभराच्या वर.
तिनं ताट उचललं, जागेवर जाऊन बसली,
आणि घास चावायचा विसरून
पिंपाकडे बघत राहिली.
त्या दुपारी आपण तिलाही काहीतरी वाढलंय.
ते पचायला वर्षं लागतील.

सगळ्यांना वाढा. सरसकट.
यादी नको, वेगळ्या रंगाचं कार्ड नको,
माझं ते टूं-टूं करणारं यंत्रही नको.
माझी खुर्ची जाईल, कळतंय.
मला पळी द्या. वाढायला हात लागतातच.

लाल दिवा लागला वाटतं.
ते अकरा चाळीस मी भरले, माझ्या पर्समधून.
पावती आहे, ही बघा.
पण आज सकाळी त्यानं नाश्ता घेतला.
म्हणजे पुन्हा
उणे एक पंच्याहत्तर.