दोन घोड्यांचा फरक

बक्स्टनला, चुन्याच्या धुळीनं पांढरट पडलेल्या गल्लीत
माझं गॅरेज. जमिनीत रुतवलेले रोलर.
त्यांच्यावर गाडी जागच्या जागी धावते
आणि पडद्यावर उमटतं, ती किती पाण्यात आहे.

गुरुवारी दोघं आले.
रोलंड हीथकोट, खाणीत एकतीस वर्षं सुरुंग लावलेला.
त्याची निस्सान जीटी-आर, राखाडी,
नाक्यावर छाती काढून उभ्या पोरासारखी.
आणि डॉक्टर एफुआ अडो, भूल देणारी.
तिची पोर्शे नाइन-इलेव्हन टर्बो,
अंगावर एक कोपरा सापडेल तर शपथ.
"चौगल," म्हणाले (शेवटचं अक्षर ते खातात, मी खाऊ देते),
"एकदाचा निकाल लाव."

पोर्शे आधी चढवली.
इंजिन मागच्या चाकांच्याही मागं,
पाठुंगळी घेतलेल्या पोरासारखं.
जग साठ वर्षं सांगतंय, ही जागा चुकली;
साठ वर्षं ते जर्मन तीच चूक
घासून घासून बरोबर करतायत.
आवाज चढत गेला, कुठंही दम न लागता.
काचेपलीकडं डॉक्टरची नजर मनगटावर,
जणू कुणाचे तरी श्वास मोजतेय.

मग निस्सान.
इंजिनावर छोटी पट्टी, तिच्यावर नाव,
ज्या एकट्या माणसानं ते हातानं जुळवलं त्याचं.
नुसती उभी असली तरी गियरबॉक्स खडखडतो.
"आमच्याकडं ही फाटकाबाहेर पडली नसती," डॉक्टर म्हणाली.
आमच्याकडं म्हणजे जर्मनीत. बाई जन्मली कुमासीत.

मला तो आवाज थेट इचलकरंजीला घेऊन गेला.
आण्णा जॉबर होते. चोवीस मागांच्या मधे
डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे,
"सातव्याचा धोटा मार खातोय."
खडखडतोय तोवर भ्यायचं नाही, म्हणायचे.
बिघडायच्या आधी माग जरा गोड बोलायला लागतो.

रोलंडला हे ऐकूच येत नाही.
डावा कान सुरुंगांनी नेला, उजवा निम्मा.
"मी मांड्यांनी ऐकतो," तो म्हणाला.

आकडे आले.
पोर्शे पाचशे एकसष्ट. निस्सान पाचशे एकोणसाठ.
रोलंड म्हणाला, आज हवा दमट आहे.
डॉक्टर काहीच म्हणाली नाही,
ते मात्र त्यालाही ऐकू गेलं.

म्हणून रस्ता. मॅकल्सफील्डकडं जाणारा,
माळावरून आतड्यासारखा वळत गेलेला.
दोन्ही गाड्या ताशी तीनशे किलोमीटर गाठणाऱ्या;
मर्यादा पन्नास मैलांची, सरासरी मोजणारे कॅमेरे,
आणि पुढं मेंढ्यांचा ट्रेलर, तीसच्या वर न जाणारा.
त्याच्यामागं निस्सान, तिच्यामागं पोर्शे, पोर्शेत मी.
एक मेंढी फळीतून मागं बघत होती,
अकराशे वीस घोड्यांकडं,
रवंथ न थांबवता.

माथ्यावर वारा असा की दार उघडवेना.
तिथं किल्ल्यांची अदलाबदल झाली. नुसतं बघायला.
रोलंड पोर्शेत उजवीकडं चाचपत बसला,
किल्ली डावीकडं असते हे मी दोनदा ओरडून सांगितलं.

उतरून आला तो गुडघा धरून.
"मला काही जाणवलंच नाही," तक्रारीच्या सुरात.
"तेच तर माझं काम," डॉक्टर म्हणाली.
तिचे हात मात्र अजून थरथरत होते
निस्सानच्या स्टिअरिंगनं,
आणि ती ते खिशात लपवायला विसरली होती.

निकालाच्या कागदावर मी लिहिलं:
दोन्ही गाड्यांचे वायपर बदला.
बिल अर्धं अर्धं झालं, सुट्ट्या पेनीवरून थोडा वाद.
पुढल्या गुरुवारी परत येणार आहेत म्हणे,
हवा कोरडी असली तर.