काज

याब्लोनेत्सच्या उतरणीवर, बेकरीच्या वर माझी खोली.
जानेवारी दोन हजार तीन, खिडकीला आतून बर्फ.
कारखान्याचे मालक ह्निझ्दिल एक खोका ठेवून गेले:
काचेची बटणं, दोनशे चौदा नमुने.
म्हणाले, न्युरेंबर्गच्या प्रदर्शनात वाटायला सीडी हवी,
घातली की आपोआप उघडली पाहिजे,
लोकांना शोधायला लावू नका,
लोक शोधत नाहीत.

सॉफ्टवेअर सोपं होतं. रिकामी चौकट,
सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी,
तिच्यात बटण ओढून आणायचं, सोडायचं.
प्रत्येकाला तीन चित्रं द्यावी लागत:
कुणी नसताना ते कसं दिसेल,
कुणी जवळ आलं की कसं,
आणि दाबल्यावर.
माणसांचंही एवढंच असतं असं तेव्हा वाटलं होतं;
तिशीतला होतो, घटस्फोट ताजा होता.

मी खोक्यातली खरीच बटणं स्कॅन केली.
काळं, चांदीचा वर्ख लावलेलं: 'आमच्याविषयी'.
हिरवं, पानासारखं: 'नमुने'.
बाण जवळ आला की एक छटा उजळ,
दाबलं की एक पिक्सेल खाली.
त्या एका पिक्सेलवर एक रात्र गेली.
'बाहेर'साठी साधं पांढरं घेतलं,
दोन भोकांचं, सदऱ्याचं.

राहिला आवाज.
सॉफ्टवेअरमधली टकटक दातांसारखी वाजायची,
म्हणून मायक्रोफोन घेऊन कारखान्यात गेलो.
निवडीच्या टेबलाशी लिबुशे बसल्या होत्या,
एकेचाळीस वर्षं त्याच खुर्चीत.
मार्चपासून तिथे यंत्र येणार होतं.
अंगात कोट, गळ्याशी बटण नाही, सेफ्टी पिन.
त्या पत्र्याच्या ताटलीत एकेक बटण टाकत गेल्या,
मान न वळवता सांगत गेल्या:
चांगलं. चांगलं. चांगलं.
तडकलेलं.
मला चारही सारखेच.
घरी येऊन आवाज पडद्यावर ताणून पाहिले,
तेव्हा चौथ्याच्या शेपटीला खरंच
केसाएवढी चीर होती.

मग सीडी भाजली.
आमच्या भाषेत सीडी भाजतात, विटेसारखी;
ट्रे बाहेर येतो तेव्हा ती खरोखर कोमट असते.
ह्निझ्दिलांच्या पोराच्या लॅपटॉपमध्ये घातली.
आधी घरघर, मग मेनू आला,
आपोआप, ऐटीत.
बटणं उजळत होती, खाली बसत होती,
आणि काहीच उघडत नव्हतं.
सगळे पत्ते माझ्याच डिस्ककडे बोट दाखवत होते:
बेकरीच्या वर, जिना चढून, डावीकडे.
पोरगा हसला.
मागून लिबुशे म्हणाल्या,
बटणं शिवलीत, काजं करायची राहिली.

रात्रभर काजं केली.

दुसरी सीडी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर.
मालकांनी माऊस मानाने लिबुशेंच्या हाती दिला.
त्यांनी आधी तो उलटा करून बूड पाहिलं.
मग बाण चाचपडत निघाला,
'आमच्याविषयी'वरून, 'नमुने'वरून,
एकेक बटण उजळलं, विझलं,
आणि त्यांनी थेट 'बाहेर' दाबलं.

तिथे मी चौथा आवाज लावला होता.
कुणाला कळणार होतं?

पडदा गेला, मागे नुसती निळी भिंत.
मालक कसनुसं हसले, कुणीतरी सूपचा चमचा ठेवला.
लिबुशेंनी विचारलं,
हे तडकलेलं इथे कुणी पास केलं?
मी म्हटलं, मी.
त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या,
ताटलीतल्या बटणाकडे बघत तशाच.
असू दे, म्हणाल्या,
जाताना असाच येतो.

बाहेर बर्फ पडत होतं, सुट्टी संपायला सात मिनिटं होती.
दार उघडण्याआधी त्यांनी
गळ्याशी सेफ्टी पिन लावली.