रंगाचा बेरंग

रंगाचा बेरंग करणं ही माझी नोकरी आहे.
साकीनाक्याच्या मागे, छेडाशेठच्या डाइंगमध्ये,
पत्र्याची खोली, एक सिंक, दोन खिडक्या.
त्यातली एक मिठीकडे उघडते,
म्हणून ती उघडत नाही.

आडनाव रंगारी. मुलाखतीत शेठ हसले होते,
"रंगाऱ्याची पोर, आणि रंग काढणार?"

सकाळी सातला हौदाचं पाणी येतं.
सोमवारी जांभळं. लग्नसराईत लालच लाल.
निवडणूक आली की सगळ्या पक्षांचं एकत्र,
आणि शेवटी मातकट.

करवंट्या येतात कुर्ल्याच्या एका मालवणी खानावळीतून,
खरवडून घेतलेल्या,
कडेला अजून खोबऱ्याची पांढरी रेघ.
लॉरेन्स त्या भट्टीत कोंडून जाळतो, हवा लागू देत नाही.
मग वाफ सोडतो.
मग मी तेजाबात बुडवते, रात्रभर,
मग धुते, धुते, धुते,
लिटमस गप्प होईपर्यंत.
एवढं सोसल्यावर कुठे कोळशाला भोकं पडतात,
डोळ्याला न दिसणारी,
आणि चिमूटभराच्या पोटात
कबड्डीची चार मैदानं मावतात.

कोळसा उगाळावा तितका काळाच,
ही म्हण वर्गात माझ्याकडे बघून म्हणायचे.
मी काही बोलत नसे.
आता उगाळते, चाळते, वजन करते,
पॉइंट पाच ग्रॅम.

पुस्तकात शब्द होता : अधिशोषण.
शोषण ठाऊक होतं, ते समजावून सांगावं लागलं नाही.
बाईंनी फरक सांगितला :
ते आत ओढून घेणं,
हे अंगावर घेणं.
मी पेपरात तसंच लिहिलं. दोन गुण.
कळलं फार नंतर,
बाबांच्या तळहाताच्या भेगा बघताना,
चौतीस वर्षांचा निळा, हिरवा, मोरपंखी,
साबणाला न जुमानणारा.

पक्का रंग, ते अभिमानानं सांगतात,
माझ्या हातचा कधी उतरला नाही.

एकदा मी पुडीत बांधून थोडा कोळसा घरी आणला.
बाबांनी पेल्यात नीळ कालवली,
वर कोळसा टाकला, ढवळलं,
आणि चष्मा लावून बसून राहिले.
साडेदहाला निळं. बाराला फिकट.
पहाटे उठून बघितलं तर तळाशी काळा गाळ,
वर नितळ पाणी,
त्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

मला वाटलं, खूश होतील.
"गेला कुठे?" त्यांनी विचारलं.
कोळशात, म्हटलं.
"म्हणजे गेला नाही."
नाही.
ते पेला हातात धरून बराच वेळ उभे होते.

तेविसाव्या दिवशी नळीच्या तळाशी
गुलाबी उतरू लागते, अगदी पुसट,
मला दिसते, शेठना दिसत नाही.
वहीत लिहायचं : कोळसा भरला.
त्याच्यावर ठपका नाही. तो भरला.
मग एक तर पुन्हा भट्टी,
आठशे अंश, सगळं विसरायला लावणारी,
नाहीतर पोत्यात शिवून तळोज्याच्या ट्रकवर.
लॉरेन्स म्हणतो, चार वेळा भाजला की
त्याचाही जीव जातो, पीठ होतं.

वहीत माझ्या सहीखाली
पाण्याला रंग : नाही.
आणि शनिवारी रात्री
कोणीतरी बायपासचा कॉक फिरवतं,
रविवारी बंद खिडकीच्या फटीतून
मला मोरपंखी दिसतो, हलत जाणारा.
तो रकाना वहीत नाही.
गेल्या आठवड्यात मी समासात पेन्सिलीनं लिहिलं.
अजून कोणी खोडलेलं नाही.

बाबांनी तो गाळ फेकला नाही.
वर्तमानपत्रावर पसरून वाळवला,
पुन्हा पुडी बांधली,
देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली,
नीळीच्या डबीशेजारी.
कधी कधी उघडून वास घेतात.
मी विचारत नाही, कसला येतो.